खड्ड्यातला आवाज

माझा साळा कुलदीप वाईट माणूस नाई. हे पयलेच सांगून टाकतो, नाईतर तुमी म्हणसान धनराज जळते. जळतोच मी. पण वाईट माणसावर जळणं सोपं असते. त्याले शिव्या देता येतेत, चार लोकाइत त्याच्या कागाळ्या करता येतेत. हा निघाला चांगला. दिवाळीच्या सुट्ट्याइत भद्रावतीहून आमच्या घरी आला अन् येताना बहिणीसाठी साडी, माझ्यासाठी पॅन्टचा कपडा अन् माझ्या पोरीसाठी सातवा भाग घेऊन आला. पॅन्टचा कपडा मी ठेवून घेतला. सातव्या भागानं मात्र माझ्या पोटात जे दुखणं सुरू झालं, ते अजून पुरतं थांबलं नाई.

सातवा भाग म्हणजे काय, ते सांगतो. 'वारुळाखालचं राज्य' नावाची पोट्ट्याइची पुस्तकं आहेत. त्यात रेवू नावाची एक पोट्टी असते. तिच्या भावाले काजळराणी दगड करून वारुळाखाली घेऊन जाते, अन् रेवू त्याले सोडवाले त्या वारुळात उतरते. एका भागात एक दरवाजा, असे सात दरवाजे. पयले सहा भाग आमच्या घरी होते. एकेक भाग मी वडशाच्या दुकानातून आपल्या हातानं आणला होता, नाटकाच्या गाडीत मांडीवर ठेवून. माझी पोरगी संघप्रिया आता पाचवीत आहे. पयला भाग आणला तवा तिले जोडाक्षरं वाचता येत नोती, म्हणून मी वाचून दाखवाले बसलो. पण मले साधं वाचता कुठी येते? मी धंद्यानं प्रॉम्प्टर.

झाडीपट्टीचं नाटक तुमाले माहीत असन. नसन तर ऐका. दिवाळी झाली की आमच्या इकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच समजा, अन् मंडई आहे तिथी नाटक आहे. होळीपर्यंत हाच धंदा, आज हे गाव, उद्या ते गाव. मंचाच्या पुढे कमरेइतका खड्डा खणतेत. त्या खड्ड्यात नाटकाची प्रत घेऊन जो बसते, तो मी. नट लोक गाडीतून उतरतेत, तोंडाले रंग लावतेत, अन् कधी कधी तर आज कोणतं नाटक आहे हेच त्याइले माहीत नसते. मी खालून वाक्य देतो, ते वरून बोलतेत. हीरो रडते, पब्लिक रडते, शिट्ट्या वाजतेत, अन् माझा आवाज पब्लिकमध्ये कोणालेच ऐकू गेलेला नसते. तो मंचावर जावा अन् खुर्च्याइकडे जाऊ नये, हीच तर कारागिरी आहे. गेला की समजा प्रॉम्प्टर कच्चा. माझा कधीच गेला नोता.

याच्यात आणखी एक खुबी आहे. नट मधातच चूप झाला, तर तो विसरला का मुद्दाम थांबला, हे झटक्यात ओळखा लागते. विसरला असन तर वाक्य द्या. थांबला असन तर तोंड बंद ठेवा. त्या थांबण्यातच त्याची सारी कमाई असते, तुमी मधात बोलले तर त्याच्या ताटात माती कालवली. आता ओळखाचं कसं? डोळ्यावरून. विसरलेल्या नटाचे डोळे खाली खड्ड्याकडे येतेत. थांबलेल्याचे समोर राह्यतेत. इतकं सोपं आहे. इतक्या वर्षांत माझी याच्यात एकदाही चूक झाली नोती, अन् कंपनीत माझा जो काई मान होता तो याच गोष्टीचा होता. घरी मी हे इतक्यांदा सांगाचो की उर्वशी, माझी बायको, कानात बोट घालाची.

तर पुस्तकही मले तसंच वाचता येते. घरच्या खाटेवर संघू उभी राह्यची, मी खाटेच्या पायाशी खाली बसाचो. मी हळूच वाक्य द्याचो, ती मोठ्यानं बोलाची. रेवू ती, काजळराणी ती, दगड झालेला भाऊही तीच, फक्त त्याले वाक्यं नोती. राणीचा आवाज ती नाकातून काढाची. बाजूच्या रुखमाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राह्यच्या, अन् उर्वशी पोळ्या टाकता टाकता म्हणाची, जरा हळू, लोकाइले वाटन घरात भांडण लागलं. सहा भाग आमी असे वाचले, काई तर दोन-तीनदा. सीझनमध्ये मी घरी नसतो, पण पावसाळाभर मी पोरीचा अन् पोरगी माझी. सातवा भाग आला की तोही असाच वाचाचा, मी खाली अन् ती वर, हे आमचं ठरलेलं होतं. वडशाच्या दुकानदाराले मी इतक्यांदा विचारलं की तो मले लांबून पाहूनच नाई म्हणून मान हलवाचा.

अन् कुलदीपनं तो मोबाइलवरून मागवला. बोटानं. घरबसल्या.

संघू पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे धावत आली. म्हणाली, "बाबा, आज सुरू करू?"

इथी कोणताही शहाणा बाप मुकाट्यानं खाली बसला असता. मी म्हणालो, "ज्यानं आणला त्यालेच वाचाले सांग." तिले वाटलं बाबा गंमत करून राह्यले. हसली, उभीच राह्यली, मंग हसू गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तर मी डोकं दुखते म्हणून कूस बदलली. त्याच्यानंतर आली नाई. अन् मी मनात म्हणालो, पाहा, लगेच विसरली बापाले. असा मी.

कुलदीप तिकडे कारखान्याच्या कॉलनीत राह्यते. लग्न व्हाचं आहे, हाताशी वेळ आहे. तिथल्या पोट्ट्याइले जमवून तो हीच पुस्तकं वाचते, म्हणे. आमच्या इथीही त्यानं तेच सुरू केलं. पयल्याच दिवशी विहाराच्या अंगणात चुन्यानं वारुळाखालच्या राज्याचा नकाशा काढला, पोट्ट्याइले त्याच्यावर चालता येईन एवढा मोठा. ज्या दरवाजाची गोष्ट चालू असन तिथी जाऊन बसाचं अन् ऐकाचं. पोट्टे पार वेडे झाले. मंग त्यानं कुळं पाडली, कोणी मुंगीचं, कोणी काजव्याचं, कोणी घोरपडीचं, अन् साऱ्याइले पळसाच्या पानाच्या टोप्या. पुस्तकात रेवू निळी खीर खाते. सहा भाग आमी ती खीर नुसती तोंडानंच खाल्ली होती, बोटं चाटून. कुलदीपनं कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं उकळून खरोखरची निळी खीर केली, अन् केली कोणाच्या चुलीवर? माझ्या. उर्वशी कौतुकानं ढवळत होती. मलेही वाटीभर दिली. मी म्हणालो गोड कमी आहे. कमी नोती. चांगली झाली होती, सत्यानाश होवो तिचा.

तळ्याच्या पाळीवर एक खरं वारूळ आहे. पोट्ट्याइनं रेवूले चिठ्ठ्या लिहून तिथी ठेवाचं ठरवलं. मी म्हणालो, अन् नाग निघाला तर? मले वाटलं आता तरी वाद होईन. तर कुलदीप हात जोडून म्हणते, भाऊजी, एकदम बरोबर बोलले, माझ्या ध्यानातच आलं नाई. लगेच विहारामागच्या मातीच्या ढिगाले वारूळ करून टाकलं. भांडाले जागाच ठेवत नाई तो माणूस. सकाळी पोट्टे पाहतेत तो साऱ्या चिठ्ठ्याइले जबाब येऊन पडलेले, हिरव्या शाईत, खाली रेवूची सही. संघूनं तिचा जबाब उशीखाली ठेवला. मले दाखवला नाई. आता घरात जेवताना मामा अन् झोपताना मामा. मामा म्हणते राणी वाईट नाई, एकटी आहे. मामा म्हणते आठवा भाग आपणच लिहू. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

उर्वशीच्या ध्यानात आलंच. ती म्हणाली, तो तुमाले रोज बोलावते अन् तुमी जात नाई, मंग तोंड काऊन असं करून बसता? खरं होतं. कुलदीप रोज म्हणाचा, भाऊजी, या ना, तुमच्यासारखं कोण वाचन. मी म्हणाचो सीझन जवळ आला, कामं आहेत. कामं काई नोती. नाटकाच्या प्रती तर मी पोळ्यालेच लावून ठेवल्या होत्या. मी चहाच्या टपरीवर जातो म्हणून निघाचो अन् विहाराच्या भिंतीमागे उभा राहून ऐकाचो. अन् एक सांगू? त्याले वाचताच येत नाई. वाक्याचं शेपूट खाते. राणी अन् रेवू एकाच आवाजात बोलतेत. मले बरं वाटलं. मंग मी भिंतीवरून डोकावून पाहिलं, तर सारे पोट्टे तोंड उघडं टाकून बसलेले, माझी संघू साऱ्यात पुढे. इतकं वाईट वाचून राह्यला होता तरी एकही पोट्टा हालत नोता. मी इतकं चांगलं देतो, तर मले ऐकणारी एकच, अन् तीही आता तिथी बसली होती. चहा न पिताच घरी आलो.

त्याच आठवड्यात एका दुपारी घर रिकामं होतं. उर्वशी बचत गटाच्या बैठकीले, पोट्टे तळ्यावर. सातवा भाग खाटेवर पडलेला. मी त्याले हात लावणार नोतो. लावला. कोठीत तांदळाच्या पोत्यावर बसून सारा वाचून काढला. मले एकदा वाचलं की पाठ होते, धंदाच तसा आहे. शेवटी रेवू सातव्या दरवाजात पोचते. दार मिटत चाललं असते. काजळराणी म्हणते, जा, तुझ्या भावाला घे आणि जा. रेवू जागची हालत नाई, नुसती राणीकडे पाहते. अन् मंग म्हणते, "राणी, मी माझ्या भावाला न्यायला आले होते. आता तुलाही घेऊन जाते."

मी त्या पोत्यावर बसून रडलो. इतके वर्षं लोकाइले रडवलं, आपण कधी रडलो नोतो. अन् हे कोणाले सांगाचं? ज्या पोट्टीले सांगाचं, तिच्यापासून चोरूनच तर वाचलं होतं. पुस्तक होतं तसं खाटेवर ठेवलं अन् तोंड धुतलं. एकट्यानं रडण्यात काई मजा नाई, एवढं त्या दिवशी समजलं.

आमच्या गावची मंडई अन् सीझनचं पयलं नाटक एकाच दिवशी असते, अन् औंदा नाटक आमच्याच कंपनीचं होतं. म्हणजे मंच आमचा अन् खड्डा माझा. तर कुलदीप मंडईचे अध्यक्ष गुणवंतराव याइच्याकडे गेला. म्हणे, मंच तर सकाळपासून उभाच राह्यते, दुपारी घंटाभर पोट्ट्याइले द्या, ते सातव्या दरवाजाचं नाटक करून दाखवतेत. गुणवंतराव खूश. संघू रेवू झाली, आमच्या गल्लीतल्या पोचूची पोरगी काजळराणी, बाकीचे मुंग्या अन् काजवे.

हे ऐकून मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, खीर करणं अन् टोप्या शिवणं वेगळं. नाटक म्हटलं की प्रॉम्प्टर आला. आता येतीलच माझ्याकडे. मी चष्मा पुसून दारातच बसून होतो. अन् आला कुलदीप. पाया पडला, बाजूले बसला अन् म्हणाला, "भाऊजी, उद्या तुमी एकदम समोर खुर्चीवर बसा. जन्मभर खाली बसले, एक दिवस वर बसून पाहा. पोट्ट्याइले सारं पाठ आहे. प्रॉम्प्टर लागत नाई."

त्यानं किती मानानं म्हटलं, हे आता समजते. तवा मले फक्त शेवटचंच ऐकू आलं. प्रॉम्प्टर लागत नाई. हे वाक्य डोक्यात घेऊन मी झोपलो अन् तेच घेऊन उठलो.

मंडईच्या दुपारी मी गुणवंतरावाइच्या बाजूच्या खुर्चीवर बसलो, इस्त्रीचा सदरा घालून. समोरून मंच पाहाची सवयच नाई. हात रिकामे, ते ठेवाचे कुठी तेच समजेना. पडदा उघडला अन् मले राहवलं नाई. गुणवंतरावाइले म्हटलं, खड्ड्यातल्या बल्बचं वायर ढिलं आहे, रात्रीसाठी पाहून घेतो. ते म्हणाले, आताच? मी म्हटलं, मंग वेळ कुठी आहे. अन् उतरलो खाली. बल्ब एकदम चांगला होता.

खाली बसलो अन् जिवात जीव आला. वर पाहिलं. संघूनं रेवूचा फ्रॉक घातलेला, डोक्यावर पळसाची टोपी. बोलत होती खणखणीत. पोचूची पोरगी राणीचं काम नाकातून करत होती. अरे, तो आवाज आमच्या खाटेवरचा, माझ्या पोरीनं तिले देऊन टाकला. मुंग्या आल्या, काजवे आले, आपापलं बोलून गेले. एकाचेही डोळे खड्ड्याकडे येईनात. मी एकेकाचं तोंड पाहून राह्यलो होतो. खरं सांगू? मी वाट पाहत होतो. म्हणत होतो, एकानं तरी विसरा रे, बाप्पा. एकच वाक्य विसरा.

सातवा दरवाजा आला. राणी म्हणाली, जा, तुझ्या भावाला घे आणि जा. अन् संघू चूप झाली.

सारी पब्लिक चूप. चिवड्याच्या कागदाचा आवाजही बंद. पलीकडे मंडईतला पाळणा तेवढा कुरकुरत होता. मी संघूच्या डोळ्याकडे पाहिलं. ते समोर होते. राणीच्या तोंडावर, पापणीही न हलवता. मले खालून साफ दिसत होते. माझ्या जागी कोणताही प्रॉम्प्टर असता तर हात तोंडावर ठेवून बसला असता. पण माझ्या मनानं ठरवूनच टाकलं की पोट्टी विसरली. विसरलीच असन. तिले बाप लागते. मी वाक्य दिलं.

"राणी, मी माझ्या भावाला न्यायला आले होते…"

मले काय माहीत, लहान पोट्ट्याइचा आवाज यावा म्हणून कुलदीपनं एक माइक खड्ड्याच्या काठावर बांधून ठेवला होता, माझ्या तोंडापासून हातभर. माझा तो खर्जातला, तंबाखूच्या खर्ऱ्यानं घासलेला आवाज चारही भोंग्यातून सुटला. मी आले होते, असं म्हणत साऱ्या मंडईवरून गेला, जिलेबीच्या दुकानापर्यंत, पाळण्यापर्यंत. जो आवाज इतक्या वर्षांत समोरच्या खुर्चीलेही ऐकू गेला नोता, तो साऱ्या गावानं ऐकला. अन् लोक असे हसले, असे हसले. मागून एकजण ओरडला, धनराजभाऊ, रेवूचं काम तुमीच करा. रुखमाबाई पदर तोंडात घालून हसत होत्या.

तवा संघूनं खाली पाहिलं. साऱ्या नाटकात एकदाच, अन् ते वाक्यासाठी नाई. मले वाटलं आता ही रडते. रडली नाई. डोळे पुन्हा वर नेले, राणीच्या तोंडावर ठेवले अन् थांबली. लोक हसत होते, ती थांबून. हसणं कमी झालं, ती थांबून. शेवटचा खोकलाही विझला. मंग तिनं ते वाक्य म्हटलं, मोठ्यानं नाई, बाजूच्या माणसाले सांगावं तसं. राणी झालेली पोचूची पोरगी खरोखरच रडाले लागली. टाळ्या पडल्या त्या किती वेळ पडत राह्यल्या, अन् मी त्या चांगल्या बल्बपाशी बसून राह्यलो.

घरी आल्यावर मी मोरीत पाय धूत होतो. ती मागे येऊन उभी राह्यली. फ्रॉक अजून अंगावरच होता.

"बाबा, मी विसरली नोती. मी थांबली होती."

मी म्हटलं, मले माहीत आहे.

"मंग काऊन दिलं?"

मी पायावर पाणी टाकत राह्यलो. तिनं वाट पाहिली, मंग दुसरं विचारलं, अन् ते पयल्याहून वाईट होतं.

"अन् तुमी सातवा भाग कवा वाचला?"

मी नळ बंद केला. ती म्हणाली, तुमी तर म्हणाले डोकं दुखते. म्हणाली, मी दोनदा विचारलं होतं. अन् आत निघून गेली. मी ओल्या पायानं तिथीच उभा राह्यलो.

त्या दिवशीचं आमचं मोठं नाटक मी कसं दिलं, मले काई आठवत नाई. पण ते सुरू होण्याआधी मी कुलदीपले मंचामागे गाठलं. राग कुठीतरी काढाचाच होता. म्हटलं, पोट्टीले असं ताणून थांबाले तू शिकवलं काय? शिकवलं असतं तर निदान तोही एक गुन्हा त्याच्या नावावर टाकता आला असता. तर तो म्हणाला, "मी कायले, भाऊजी? मी तर म्हणत होतो लवकर बोल, नाईतर लोक उठून जातीन. ती ऐकेच ना. म्हणे, बाबा म्हणतेत, थांबण्यातच सारी कमाई असते."

मी खड्ड्यात जाऊन बसलो.

सकाळी माझी बॅग भरून तयार होती. धानोऱ्याची बस पकडाची, तिथून पुढच्या गावचा मुक्काम, मंग थेट होळीलेच घर. उर्वशी डबा बांधत होती. संघू सातवा भाग घेऊन आली अन् खाटेच्या पायाशी, माझ्या जागेवर, मांडी घालून बसली.

"तुमी वर चढा," ती म्हणाली. "आज मी देते, तुमी बोला."

मी म्हटलं, माझी बस आहे. ती म्हणाली, मंग लवकर चढा. तुमी माझ्या आधी वाचला, आता तुमाले खाली बसाले भेटत नाई. तिनं शेवटचं प्रकरण काढलं. बाकीचं होळीनंतर, म्हणे, पण तवाही तुमीच वर. हा निकाल लागला होता, अपील नोतं.

चढलो. खाट करकरली. रुखमाबाई कुंपणाशी हजर, कुलदीप चहाचा कप घेऊन दारात, उर्वशीच्या हातात डब्याचं झाकण. जन्मात कधी मोठ्यानं वाक्य बोललो नोतो, तेही चार लोकाइसमोर. संघूनं पयलं वाक्य दिलं. काय दिलं, काय सांगू. हळू, साफ, शेपूट न खाता, मले पोचन एवढं अन् रुखमाबाईले पोचणार नाई एवढं. मी बोललो तर आवाज फाटला. दुसऱ्याले जरा बरा निघाला. राणीचं नाकातून केलं, तर उर्वशी हसली. कुलदीपही हसला, मले तेही चाललं.

मंग दार मिटाले लागलं. राणी म्हणाली, जा, तुझ्या भावाला घे आणि जा. संघूनं पुढचं दिलं, "राणी, मी माझ्या भावाला न्यायला आले होते…"

माझ्या तोंडून ते निघेना. विसरलो नोतो मी. ते वाक्य मी मरेपर्यंत विसरत नाई. पण खाली तिच्याकडे पाहिलं असतं तर रडलोच असतो, म्हणून मी समोर पाहत राह्यलो, कुंपणापलीकडे, कुठीतरी.

तिनं वाक्य दुसऱ्यांदा दिलं नाई. पानावर बोट ठेवलं, माझ्या डोळ्याकडे एकदा पाहिलं अन् चूप बसून राह्यली. दहा वर्षांची पोट्टी, अन् माझ्याहून चांगली प्रॉम्प्टर. मले आता तिचाही हेवा वाटून राह्यला. बाहेर रस्त्यावर बसनं हॉर्न दिला, मंग आणखी एकदा दिला. तिनं मानही वळवली नाई, थांबून राह्यली.